‘आम्ही’ म्हणायच्या आधी

नाशिक,
सोमवार, रात्री

प्रिय बाळू,


काल प्रभुभोजनाच्या आधीच तू शरणपूरच्या देवळातून उठून गेलास. मागचं बाक करकरलं आणि मान न वळवताही मला कळलं, की तूच. पुढे जाऊन भाकर घेतली, पण घशाखाली उतरेना. दुपारी फोनवर म्हणालास, “ताई, देव क्षमा करील गं, पण अण्णांना आता कुठे गाठू?” तेव्हापासून डोळ्याला डोळा लागला नाही.

अण्णांचं घेतलेलं परत करणारे, तू सही केलेले कागद मिळाले. कपाटात ठेवलेत, कुणाला दाखवले नाहीत. पाकीट उघडलं आणि मला प्रभूला विकणारा यहूदा आठवला. रागावू नकोस, पण तीस रुपये त्यानेही परत केले होते. पश्चात्ताप त्यालाही झाला होता. पण तो पश्चात्ताप घेऊन तो याजकांच्या दारी गेला, आणि त्यांनी ‘तुझं तू बघ’ म्हणून हात झटकले. मग तो एकटाच निघून गेला. पेत्रही त्याच रात्री, प्रभूला नाकारून, ढसढसा रडला. त्याच्याकडे परत करायला काहीच नव्हतं. तो फक्त बाकीच्यांत येऊन राहिला. म्हणून तर सरोवराच्या काठी प्रभू आला तेव्हा तो तिथे होता.

पापाचं दुःख एकट्याने गिळायचं नसतं, बाळू. आपल्या उपासनेत पापकबुलीची प्रार्थना ‘मी’ म्हणून नसते, ‘आम्ही’ म्हणून असते. शेजारच्या बाईने काय केलंय मला ठाऊक नसतं, माझं तिला नसतं. पण माझं ओझं तिच्या तोंडून देवापाशी जातं. तू नेमका त्या ‘आम्ही’च्या आधी उठलास! आणि उठलास तो कुठून? घरादाराला मुकलेल्यांसाठी मिशनने वसवलेल्या गावातून. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकेची मुलंसुद्धा इथे शिकून गेली. इथे कुणी कुणाची लायकी विचारायची?

आजी मुक्ती मिशनमधलं सांगायची ते आठवतं? १९०५ चा जून. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुली प्रार्थनेला बसल्या आणि आपापली पापं आठवून रडू लागल्या. आजी तेव्हा दहाची. शेजारणीचा लपवलेला कंगवा तिने तिच्या हातात ठेवला, तर ती शेजारीण आजीहून मोठ्याने रडली. “मग आम्हा दोघींना सपाटून भूक लागली,” असं म्हणून आजी थांबायची. लहानपणी हसायचो आपण. आता वाटतं, सांत्वन म्हणतात ते हेच असेल.

राहता राहिले अण्णा. जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचं बघ. बापाचं सोवळं कडक, त्यात वाढलेली मुलगी. पती टिळक ख्रिस्ती झाल्यावर त्यांच्याकडे परत आल्या, तरी शिवाशिव सुटेना. राहुरीला एकट्याच विचार करत बसल्या असताना उमगलं, की जात माणसाने केली, देवाने नव्हे. १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. तोवर ज्यांचा विटाळ मानला, त्यांतल्या किती जणांना त्यांना पुढे गाठता आलं असेल? पण समोर आली ती अनाथ पोरं त्यांनी पोटाशी धरली, आणि ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आपलं सोवळं लपवलं नाही.

अण्णा आता भेटायचे नाहीत, पण काकू आहे. अण्णा रोज तिला पेपर वाचून दाखवायचे. आता कुणी दाखवत नाही. दुपारी चारला ती चष्मा पुसून बसते, अजून.

ये. आधी काकूकडे, मग रविवारी देवळात, माझ्या शेजारी. मागे नाही.

काल तुझा आवाज फार खोल गेला होता. रात्री नीट जेवतोस का? खरं खरं कळव.

तुझी,
ताई