घाण्यापासून कांडल्यापर्यंत

तेल आणायला जायचं म्हणजे किटली न्यायची, हे आमच्या पिढीला वेगळं सांगावं लागत नसे. दुकानदार आधी रिकाम्या किटलीचा धडा करायचा. दुसऱ्या पारड्यात वजनं टाकायची, वजनं जुळली नाहीत तर एखादा बटाटा, शेवटी चार खडे, आणि काटा मधोमध उभा राहिला की मगच पिंपाचं झाकण निघायचं. नरसाळ्यातून तेलाची धार पडायची, बारीक व्हायची, तुटायची. तुटली तरी आम्ही हलत नसू, कारण माप पूर्ण निथळल्याशिवाय निघायचं नाही असं घरून बजावलेलं असे. दुकानदाराला माप निथळू द्यायचं नसे आणि आम्हाला तिथून हलायचं नसे. या झटापटीत जादा मिळालेले दोन थेंब ही त्या वयातली आमची एकमेव व्यापारी कमाई.

आता तेल पुड्यातून येतं. धडा नाही, नरसाळं नाही, झटापटही नाही. एकसारख्या दिसणाऱ्या दोन पुड्यांत वजन मात्र वेगवेगळं निघतं, आणि ते वाचायला चष्मा लागतो. लबाडी तेव्हाही होती, पण तेव्हा ती करणारा समोर उभा असायचा आणि त्याच्याशी भांडता यायचं.

तेव्हा गाव सांगितलं की तेल कळायचं. सोलापूर, लातूर, परभणी म्हटलं की करडई. खानदेशात भुईमूग, विदर्भात घरोघरी जवस, नाशिककडच्या डोंगरपट्ट्यात खुरासणी, कोकणात खोबरेल. करडई जोंधळ्याच्या कडेने पेरत, म्हणजे काटेरी कुंपणही व्हायचं आणि वर्षाचं तेलही. काढणी मात्र हाता-पायांना फडकी गुंडाळून. पहाटेच्या दवात काटे जरा नरम असतात म्हणून अंधारातच शेतात जायचं, आणि ऊन चढलं की काम थांबवायचं. बी घाण्यावर द्यायचं, तेल आपण आणायचं, पेंड गाईला जायची. मुंबईचा हिशेब वेगळा. सौराष्ट्रात पाऊस हुकला की इथल्या वाण्याच्या पाटीवर भाव चढायचा, आणि तिकडचे साठेबाज ‘तेलिया राजे’ आमच्या घरात मंत्र्यांपेक्षा जास्त शिव्या खायचे.

आज पाऊस बोर्निओत पडतो. तेल मलेशिया-इंडोनेशियातून जहाजाने कांडल्याला येतं, टाक्यांत साठतं, शुद्ध होतं, आणि लातूरकर ते लातूरच्या दुकानातून आणतो. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, वर्षाला सुमारे १.६ कोटी टन. शेंगदाण्याचं तेल खातो असं अजूनही अभिमानाने सांगणाऱ्या घरात बिस्किटं, फरसाण, आइस्क्रीम या वाटेने पामतेल केव्हाच शिरलेलं असतं.

एवढ्यावरून आमच्या लहानपणी तेलाच्या नद्या वाहत होत्या असं कुणी समजू नये. १९७२च्या दुष्काळानंतर तेल इतकं दुर्मीळ झालं की मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकरांच्या मागे बायका थाळ्या-लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. शेंगदाणा तेलात सरकीची भेसळ हा सर्वमान्य प्रकार होता, आणि उन्हाळ्यात खवट वास आला तर ‘तळलं की जातो’ असं दुकानदार सांगायचा. तो जायचा नाही. माणशी वर्षाला पाच-सहा किलो तेल मिळायचं. आमचे आजोबा काटक होते त्याचं श्रेय आपण मातीला देतो, त्यातलं थोडं टंचाईलाही द्यायला हवं.

तेव्हा बाहेरचं तेल यायचं ते सरकारी व्यापार महामंडळामार्फत, आणि आमच्यापर्यंत पोचायचं रेशनकार्डावर. दिवाळीच्या आधी ‘पामतेल आलंय’ ही बातमी चाळीत पसरली की आजारी माणूससुद्धा रांगेत उभा राहायचा. थंडीत ते गोठायचं. मग डबा गॅलरीत उन्हाला ठेवायचा आणि शेजारच्यांना दिसू नये म्हणून वर टॉवेल टाकायचा. सगळ्यांच्याच गॅलरीत टॉवेल झाकलेले डबे असायचे. तरी फराळाचं ताट आलं की एक चकली मोडून, नाकाशी नेऊन, ‘रेशनचं वाटतं’ हा शेरा मारल्याशिवाय कुणाची दिवाळी पूर्ण होत नसे.

नंतर एक विचित्र काळ आला, ज्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. १९८६मध्ये राजीव गांधींच्या सरकारने तेलबियांचं तंत्रज्ञान अभियान सुरू केलं. डॉ. कुरियन यांच्या दुग्धविकास मंडळाने ‘धारा’ बाजारात आणलं. जिलबीसाठी घर सोडण्याचा बेत रद्द करणारा तो जाहिरातीतला पोरगा आमच्या पिढीला अजून पाठ आहे. त्यातच १९९१चं परकीय चलनाचं संकट आलं. सोनं गहाण टाकणाऱ्या देशाला तेल आयात करणं परवडणार नव्हतं. परवडत नव्हतं म्हणून आयात आटली, आयात आटली म्हणून भाव टिकला, आणि भाव टिकला म्हणून शेतकऱ्याने सूर्यफूल, सोयाबीन, करडई पेरली. तेलबियांचं उत्पादन १९८५-८६च्या सुमारे १.१ कोटी टनांवरून दशकभरात दुपटीवर गेलं, आणि १९९२-९३च्या आसपास देश तेलाच्या बाबतीत जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. देश दिवाळखोरीच्या दारात आणि सोलापूरच्या घाण्यावर गर्दी, असं ते दृश्य. अर्थात भाव टिकला म्हणजे शहरातल्या गृहिणीला तेल महागच पडलं, हे त्या सुवर्णकाळाच्या वर्णनात सहसा येत नाही.

मग दारं उघडली. १९९४मध्ये पामोलिनची आयात खुली झाली तेव्हा कर होता ६५ टक्के. १९९८पर्यंत तो १५वर आला. तेवढ्यात आशियाई संकट. रुपिया कोसळला, इंडोनेशियात घरचंच तेल महागलं म्हणून तिथल्या सरकारने निर्यात अडवली, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत उलटं होऊन जगातच पामतेलाचा भाव पडला. स्वस्त तेल आमच्या बंदरांवर लोटलं. सरकारने घाईघाईने कर चढवले, पण सोयातेलावर ४५ टक्क्यांच्या वर जाता येईना, कारण जागतिक व्यापार संघटनेत आपणच तशी मर्यादा मान्य केली होती. पामतेलाला ती ३०० टक्के, सोयाला ४५.

करारांचे विनोदही झाले. श्रीलंकेशी मुक्त व्यापार करार झाला आणि तिथे वनस्पती तुपाचे कारखाने निघाले. पामतेल बाहेरून आणायचं, तूप करायचं, ते करमुक्त भारतात पाठवायचं. पुढे नेपाळनेही तेच केलं. हिमालयाच्या कुशीतल्या देशातून पामतेल येऊ लागलं, जिथे पामच्या लागवडीचा मागमूस नाही. चाळीतल्या रेशन दुकानदाराला हा हिशेब लगेच समजला असता.

आसियान करार १ जानेवारी २०१०ला लागू झाला. कच्च्या पामतेलावरचा कर ८० टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ३७.५वर आणायचं त्यात ठरलं. करडई गेली ती या करारामुळे, असं गावाकडे ठामपणे सांगितलं जातं. पण त्याच्या दोन वर्षं आधी, २००८मध्ये महागाई भडकली तेव्हा आपल्याच सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचा कर शून्य केला होता. कुणी परदेशी माणूस टेबलावर दबाव टाकत नव्हता. दबाव होता तो आमचा, तेल महागलं म्हणून तक्रार करणाऱ्या शहरी मध्यमवर्गाचा. करडईला काटे होते, मजूर मिळत नव्हते, सोयाबीन शंभर दिवसांत हाती येत होतं, हेही खरं. तरी माझ्या मते दोष वाटायचाच तर करारापेक्षा आमच्या चकलीला मोठा वाटा द्यावा.

आता जगात कुठेही शिंक आली की कढईत फोडणी महागते. मलेशियाचे पंतप्रधान महाथीर काश्मीरवर बोलले आणि जानेवारी २०२०मध्ये शुद्ध पामतेलाच्या आयातीवर निर्बंध आले. २०२२च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं आणि सूर्यफुलाचं तेल दिसेनासं झालं. एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यातच बंद केली. तीन-साडेतीन आठवड्यांत बंदी उठली. चाळीतला अनुभव असा की रेशनचं तेल उद्या येणार म्हणून सांगितलं तर ते पंधरवड्याने यायचं. त्या मानाने जकार्ता वक्तशीरच.

तेल मुबलक आहे, शुद्ध आहे, आता रांगेत कुणी उभं राहत नाही, आणि माणशी वर्षाला वीस किलोंच्या आसपास खपतं. २०२५मध्ये खुद्द पंतप्रधानांनीच सांगितलं, तेल दहा टक्के कमी करा. आमच्या आया हे न सांगता करायच्या. कोथरूडमध्ये ‘लाकडी घाण्याचं’ तेल दुप्पट-तिप्पट भावाने काचेच्या बाटलीत मिळतं, आणि ते घेणारे बहुतेक आम्हीच असतो. बाटली परत नेऊन भरून आणता येते का, असं एकाने विचारलं. दुकानातल्या मुलीला प्रश्नच कळला नाही.

घरात मात्र अजून दोन बाजू आहेत. मराठवाड्यातले काका सोयाबीन पिकवतात, आम्ही पुण्यात तेल विकत घेतो. २०२१च्या पावसाळ्यात सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं तेव्हा काका खूश होते. मग कोंबडीखाद्यासाठी सोयापेंड आयात करायला परवानगी मिळाली, आणि नवा माल बाजारात येईपर्यंत भाव बराच उतरला होता. १४ सप्टेंबर २०२४ला कच्च्या तेलावरचा एकूण कर साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्के झाला. त्याच दिवशी काकांचा फोन आला, “अरे, ड्युटी वाढवली म्हणं. आता तरी हमीभाव मिळंल.” हमीभाव ४,८९२ होता, बाजारात त्याच्या खालीच विकावं लागलं. इकडे दिवाळीच्या फराळाचा खर्च वाढला म्हणून आम्ही आठवडाभर कुरकुरलो, फोनवर मात्र बोललो नाही.

३० मे २०२५ला मूळ कर निम्म्यावर आला आणि एकूण साडेसोळा टक्के झाला. पेरणीच्या तोंडावर. या वेळी फोन आम्ही केला, पाऊस कसा आहे विचारायला. काका म्हणाले, “पाऊस चांगलाय. तेल किती रुपयाला घेता रे तुम्ही?”