सिहोऱ्याचा पाळणा

आषाढातल्या एका सकाळी तुमसरच्या स्टँडवर बपेऱ्याकडे जाणारी एस.टी. धरली. पाऊस नुकताच उघडला होता. तुमसर मागे पडले आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाणीच पाणी दिसू लागले. मी वर्धेकडची, कापसाच्या मुलखातली. आमच्याकडे शेतात असे पाणी साचले तर शेतकरी कपाळाला हात लावतो. इकडे मात्र पाणी साचले की माणसे हसतात. धुरे घातलेल्या एकेका तुकड्याला इथे बांधी म्हणतात. त्या बांध्यांतून पोटऱ्यांएवढ्या चिखलात उभ्या राहून बाया वाकून परे लावत होत्या. रोवणी ऐन भरात आली होती.

सिहोरा हे तुमसर तालुक्यातले, भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाकडचे गाव. हाच रस्ता पुढे बपेऱ्याहून मध्य प्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यात उतरतो. एका अंगाला वैनगंगा, दुसऱ्या अंगाला बावनथडी आणि जवळच टेकड्यांच्या कुशीत चांदपूरचा जलाशय. पाऊस कमी झाला तर सोंड्याटोला योजनेने नदीचे पाणी उपसून त्या जलाशयात सोडतात आणि तिथून ते या भागातल्या धानाला मिळते. सगळा मुलूख पाण्यावर जगणारा. आणि जिथे पाणी, तिथे डास, बेडूक, उंदीर आणि त्यांच्या मागोमाग सापही आलेच. मी ज्या कामासाठी आले होते, त्यात ही गोष्ट किती महत्त्वाची ठरेल याची मला वाटेत कल्पना नव्हती.

काम तसे आनंदाचे होते. माझी थोरली बहीण सिहोऱ्याला दिलेली. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिला मुलगी झाली होती. बाळ आठ दिवसांचे होते. बाराव्या दिवशी बारसे ठरले होते आणि घरात वाद पेटला होता तो पाळण्यावरून.

"मावशी, तूच सांग आता," मी पाय धुवून आत येते न येते तोच भाचीने गळ घातली.

तीन पाळणे, तीन मते

घरातल्या आजींचे, म्हणजे ताईच्या सासूबाईंचे म्हणणे असे, की माळ्यावर सागवानी पाळणा आहे, त्यात या घरची तीन पिढ्यांची लेकरे झोपली, तोच काढायचा. भाचीला हवा होता तुमसरच्या दुकानात पाहिलेला लोखंडी नळ्यांचा, जाळीचा आणि कळ दाबली की गाणे वाजणारा पाळणा. ताईचे म्हणणे तिसरेच. "चार महिन्यांचा तर प्रश्न. लुगड्याची झोळी बांधू. आपण सगळी झोळीतच वाढलो ना?"

भाऊजी कुणाच्याच बाजूने बोलत नव्हते. त्यांची रोवणी अर्धी राहिली होती.

मी म्हटले, आधी माळ्यावरचा पाळणा खाली तर काढू. तो खाली आला तेव्हा सगळ्यांचेच मन भरून आले. चरकावर कातलेले दांडे, कोपऱ्यांवर लाकडी पोपट, आणि लाल, हिरवा, पिवळा रंग. आजींनी त्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "याले काय झालं जी? अजून शंभर वर्षं जाते."

गावातल्या वाढईबाबांना बोलावले. वाढई म्हणजे सुतार. म्हातारा माणूस, बोलणे कमी. त्यांनी पोपटाकडे पाहिलेच नाही, रंगाकडेही पाहिले नाही. पाळणा उलटा केला आणि आधी कड्या पाहिल्या. एक कडी बोटाने फिरवून माझ्यासमोर धरली. आकड्यात घासून घासून ती आतल्या बाजूने झिजली होती. बाहेरून जाड दिसत होती आणि आतून सुतळीएवढीच उरली होती.

"बाई, लाकूड चांगलं हाय," ते म्हणाले. "पण पाळणा लाकडावर नाई लटकत. कडीवर लटकते."

आजी काही बोलल्या नाहीत. बारशाला याच पाळण्यात बाळ घालून पोरीबाळी हौसेने झोके देणार होत्या.

वाढईबाबांनी मग एकेक गोष्ट तपासली. त्यातून मी जे शिकले ते तुम्हालाही उपयोगी पडेल. पाळणा नवा असो की जुना, आधी कड्या, आकडा आणि दोर पाहावा. आकडा उघडा नसावा, वळवून पूर्ण बंद केलेला असावा. ज्या मयालीला पाळणा टांगायचा तिला वाळवी लागली आहे का, हे टोच्याने टोचून पाहावे. मग बाळाला घालण्याआधी वीस किलो धानाची चुंगडी पाळण्यात ठेवून एक रात्र टांगून ठेवावी, सकाळी झोके देऊन पाहावेत. बाळ तीन किलोचे असते हे खरे, पण त्याचा पाच वर्षांचा भाऊ कधी पाळण्याला लोंबकळेल याचा नेम नसतो. पाळण्याचा तळ जमिनीपासून गुडघ्याएवढा उंच पुरे. त्याहून उंच टांगू नये.

दुसरी गोष्ट दांड्यांची. दोन दांड्यांमधले अंतर सव्वादोन इंचांपेक्षा जास्त नको. जास्त असले तर बाळाचे अंग त्यातून खाली सरकते आणि डोके अडकते. आमच्या पाळण्याचे दोन दांडे कधीतरी निखळले होते आणि तिथे हाताची मूठ जाईल एवढी फट होती. वाढईबाबांनी शिवणीचे दोन दांडे कातून बसवले. शिवणीचे लाकूड हलके असते आणि वाळल्यावर फारसे वाकत नाही.

तिसरी गोष्ट रंगाची, आणि ती आम्हा कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. जुन्या तैलरंगांत शिसे घालत. ते पोटात गेले की लेकराच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे असा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू आहे. म्हणजे त्याआधी रंगवलेल्या पाळण्याचा भरवसा नाही. दात येऊ लागले की बाळ पहिल्यांदा पाळण्याचा काठच चावते. आम्ही तो रंग अंगणाच्या कडेला, गुरांपासून आणि बाळंतिणीपासून दूर, पाणी मारून ओल्या कानशीकागदाने घासून काढला. कोरडा घासला तर धूळ उडते, म्हणून पाण्याने. खरवड गोळा करून खोल पुरली. मग लाकडाला जवसाचे तेल चोळले. धान निघाल्यावर याच बांध्यांत लाखोळीबरोबर जवस घेतात, त्यामुळे तेलाला दूर जावे लागले नाही. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, बाहेर पसरून वाळू द्या. ढिगात त्या आपोआप पेट घेतात.

धुऱ्यावरची झोळी

दुसऱ्या दिवशी भाऊजींबरोबर शेतावर गेले. धुऱ्यावरच्या मोहाच्या फांदीला एक झोळी बांधली होती. रोवणीला आलेल्या बाईचे चार महिन्यांचे लेकरू तीत निजले होते. बाई परे लावता लावता मान वर करून झोळीकडे बघत होती.

झोळीला नावे ठेवणे सोपे आहे, पण त्या बाईने दुसरे काय करावे? चिखलात तर लेकरू ठेवता येत नाही. झोळीने या मुलखातली हजारो लेकरे वाढवली आहेत. तरी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. झोळीत बाळ कमरेत वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि लहानग्याचा श्वास कोंडू शकतो. म्हणून झोळी दिवसाची, थोड्या वेळाची आणि नजरेसमोरची. रात्रीच्या झोपेला ती नको. दुसरी गोष्ट, बाळ काढले की झोळी सोडून ठेवावी. रिकाम्या झोळीत मोठी मुले गरगर फिरतात. पीळ गळ्याभोवती बसून आपल्या देशात अशी मुले दगावली आहेत.

ताईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग रात्री माझ्या लेकीनं बाळाला घेऊन खाली चटईवर झोपावं का? गार तरी वाटतं."

भाऊजी इतका वेळ गप्प होते. ते एकदम म्हणाले, "खाली अजिबात नाही." मागच्या पावसाळ्यात त्यांच्या ओळखीच्या एका घरात जमिनीवर निजलेल्या मुलाला मण्यार चावली होती. मुलगा पहाटे पोट दुखते म्हणत उठला, त्याच्या पापण्या मिटू लागल्या. घरच्यांना वाटले, अपचन झाले. ते वेळेवर दवाखान्यात पोचले म्हणून तो वाचला.

मण्यार रात्री निघते आणि उंदरांच्या, बेडकांच्या मागे घरात येते. तिचा दंश दुखत नाही, सूजही येत नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असावीत, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिला आहे. त्यांतली निम्मी जून ते सप्टेंबरच्या दिवसांत. मोठे मूल पोट दुखते असे तरी सांगते. तान्हे बाळ काय सांगणार? म्हणून धानाच्या मुलखात बाळासाठी पहिली खरेदी पाळण्याची नव्हे, मच्छरदाणीची. आई खाटेवर, बाळ शेजारच्या पाळण्यात, दोघांवर मच्छरदाणी आणि तिच्या कडा गादीखाली खोचलेल्या. डासही गेले आणि सापाचे भयही पुष्कळ कमी झाले. बाळंतिणीच्या खोलीत धानाची पोती, सरपण, गोवऱ्या ठेवू नयेत. दंशाची शंका आली तर चिरणे, आवळून बांधणे, मंत्र घालणे यांत वेळ न घालवता थेट सरकारी रुग्णालय गाठावे.

मोहरीची उशी

पाळण्यात काय घालायचे, यावर आजींशी थोडे बोलणे झाले. त्यांनी मोहरीची उशी शिवून ठेवली होती, डोके गोल व्हावे म्हणून. मऊ गादी होती, दोन दुपटी आणि कडेला लोडही. मी हळूच सांगितले, की आता डॉक्टर पहिल्या वर्षात उशी नकोच म्हणतात. मऊ गादीत, उशीत नाक दबले तर तान्ह्याला मान वळवता येत नाही. बाळाला प्रत्येक झोपेला पाठीवरच निजवावे. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ साली पालथे निजवणे बंद करायला सांगितले, १९९४ पासून घरोघरी त्याचा प्रचार झाला, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण पुढच्या काही वर्षांत निम्म्यावर आले. औषध नाही, पैसा नाही, फक्त निजवण्याची रीत बदलली. पालथे घालायचे ते जागेपणी, आपण समोर बसलेले असताना. त्याने मान धरते आणि डोक्याचा आकारही नीट राहतो.

आजींनी उशी उचलून बाजूला ठेवली. "पन मेहनतीनं शिवली होती न जी," एवढेच म्हणाल्या. भाचीने ती उशी आपल्या पेटीत ठेवली. लेक मोठी झाली की बाहुलीला होईल, म्हणाली.

तुमसरच्या त्या गाणाऱ्या पाळण्याचे काय? तो वाईट होता असे नाही. पण त्याचा तळ कापडाचा, मधोमध खोलगट होणारा होता. नवाच घ्यायचा तर तळ सपाट आणि टणक आहे ना, हलवल्यावर पाय डुगडुगत नाहीत ना, एवढे पाहून घ्यावा. त्याच दुकानात चाकांची खुर्ची होती, बाळाला मधे बसवायची. ती मात्र कुणी घेऊ नये. क्षणात बाळ चुलीपाशी किंवा ओट्याच्या कडेला पोचते. कॅनडाने २००४ साली तिच्या विक्रीवरच बंदी घातली. त्यापेक्षा आपला जुना पांगुळगाडा बरा. लेकरू स्वतःच्या पायांवर उभे राहून तो ढकलते. तोही सपाट अंगणात आणि कुणीतरी सोबत असतानाच.

बाराव्या दिवशी पाळणा टांगला. नवी कडी, नवे दांडे आणि रंग नसलेले, जवसाच्या तेलाने उजळलेले सागवान. दुकानातल्या पाळण्याचे पैसे वाचले, त्यातून दोन मच्छरदाण्या आल्या. आदल्या रात्री चुंगडी टांगली होती. सकाळी ती जागच्या जागी होती. बाया जमल्या, गाणी झाली. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितले. वाढईबाबा दारात उभे होते. त्यांना आत बोलावले तेव्हा त्यांनी आधी वर मयालीकडे पाहिले आणि मग बाळाकडे.

पाच-सहा महिन्यांनी बाळ हातांवर रेटून उठू लागले की पाळणा उतरवायचा, हे मी भाचीला पुन्हा बजावले. "आणि मग माळ्यावर ठेवायचा," ती म्हणाली. "पुढच्या वेळी काढताना आधी कडी पाहायची."

परतीच्या एस.टी.त बसले तेव्हा पुन्हा पाऊस लागला होता. रस्त्याच्या कडेच्या बांध्यांत परे हिरवे होऊ लागले होते.