बोगोताचे तीन बटाटे

बोगोतात पाणी 91 अंशांच्या आसपासच उकळतं. कोलंबियातलं हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 2600 मीटर उंचावर आहे. म्हणजे कळसूबाईचा माथा गाठावा आणि तिथून आणखी जवळजवळ हजार मीटर चढावं, तेव्हा जिथे पोचू तिथे हे ऐंशी लाखांच्या घरातलं गाव पसरलेलं. हवा विरळ, त्यामुळे उकळी लवकर फुटते, पण त्या उकळीत दम नसतो. नव्याने आलेल्या माणसाला हे शाळेच्या पुस्तकातलं वाक्य वाटतं, मग तूरडाळ त्याला समजावून सांगते. उघड्या पातेल्यात ती दुपारभर उड्या मारत राहते आणि दाणा होता तसाच अख्खा. म्हणून इथेही घरोघरी कुकर आहे, आणि जिन्यात उभं राहिलं की कोणाच्या ना कोणाच्या घरातून शिटी ऐकू येते. पहिल्या दिवसांत मला त्या शिटीचा फार आधार वाटायचा.

विषुववृत्त इथून पाच अंशांवरही नाही, तरी उकाडा औषधाला मिळत नाही. वर्षभर सरासरी 14 अंश. उन्हाळा-हिवाळा असा फेरच नाही. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे त्यातल्या त्यात जास्त पावसाचे, एवढंच. सकाळी लख्ख ऊन असतं, दुपारी मोन्सेरातेच्या डोंगरावरून ढग खाली येतात आणि छत्री विसरलेली माणसं दुकानांच्या पायऱ्यांवर उभी राहतात. घरात पंखा नसतो, तसा हीटरही नसतो. लोक घरातसुद्धा स्वेटर घालून वावरतात. अशा गावाला सूप लागणारच. ऑफिसजवळच्या साध्या खाणावळीतही आधी सूप येतं, मग भात, कडधान्य आणि मांसाचा तुकडा असलेलं ताट. पण ही झाली रोजची सूपं. बोगोताचं स्वतःचं म्हणावं असं सूप एकच : अहियाको.

कोंबडी-बटाट्याचं सूप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आजारी माणसाचं पथ्य येतं. अहियाको हे भरपेट जेवण आहे, तेही रविवारचं. रविवारी सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत शहराचे मोठमोठे रस्ते मोटारींना बंद असतात. 1974 पासूनची ही प्रथा. सायकलवाले, पळणारे, कुत्री, बाबागाड्या सगळे रस्त्यावर उतरतात. दोनला मोटारी परत आल्या की घरोघरी जेवणं सुरू होतात, आणि त्यातल्या पुष्कळ घरांत मातीच्या काळ्या वाडग्यातून हेच सूप वाढलेलं असतं. नाताळच्या आदल्या रात्रीही अनेक घरांत हेच. जुन्या शहरात कॅथीड्रलच्या शेजारी 1816 पासून चालत आलेलं ‘ला पुएर्ता फाल्सा’ नावाचं छोटंसं खानावळवजा दुकान आहे. तिथे अहियाकोसाठी लोक दारापाशी ताटकळत उभे असतात.

आता माझ्याबद्दल थोडं. मी आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरची. आमच्याकडे पावसाळी पीक म्हणजे बटाटा. पंजाबातून बेण्याचे ट्रक येतात, पहिल्या पावसाच्या भरवशावर लावणी होते, गणपतीनंतर काढणी. भाव पडलेला असेल तर माल विकायचा नाही. सावलीत आरण लावायची, वर पाला-पाचट घालायचं आणि बाजार सुधारायची वाट बघायची. त्यामुळे बटाट्यातलं आपल्याला कळतं, या समजुतीतच मी मोठी झाले. घरात मात्र बटाटा एकच. भाजीला तोच, वड्याला तोच, उपासाला तोच. फार तर नवा की जुना, एवढाच प्रश्न.

इथे पालोकेमाओच्या मंडईत बटाटेवालीसमोर उभं राहून “दोन किलो द्या” म्हटलं की ती पिशवी उघडत नाही. “कशासाठी हवेत, वेसी?” असं आधी विचारते. (वेसी म्हणजे शेजारीण. इथे दुकानदार गिऱ्हाइकाला आणि गिऱ्हाईक दुकानदाराला याच नावाने हाक मारतं.) अहियाकोसाठी, असं सांगितलं की काही न बोलता तीन ढिगांतून तीन प्रकारचे बटाटे निघतात.

पहिला सबानेरा. नाव बोगोताच्या पठाराचं, स्वभाव घट्ट. कितीही शिजवा, चकती मोडत नाही. सुपात चावायला काहीतरी हवं, ते काम याचं. दुसरा पास्तुसा, दक्षिणेकडच्या पास्तो शहराच्या नावाचा. हा पिठूळ. कडेने विरघळतो, मधे शाबूत राहतो. तिसरा क्रिओया : लिंबाएवढा, सालीसकट पिवळाधमक, आतूनही पिवळा. हा पातेल्यात पडला की थोड्या वेळाने दिसेनासाच होतो. सगळा रस्सा दाट आणि पिवळा करून तो संपतो. सुपात मैदा नाही, कॉर्नफ्लोअर नाही. दाटपणा आहे तो सगळा या छोट्या बटाट्याचा.

क्रिओयाची कुळकथा शेतकऱ्याच्या पोरीला चक्रावणारी आहे. आपल्या कुफरी ज्योतीसारख्या नेहमीच्या बटाट्यात 48 गुणसूत्रं असतात, याच्यात निम्मी, 24. आणि याला झोप नाही. आपला बटाटा काढल्यावर काही आठवडे सुप्त राहतो, म्हणून तर आरण लावता येते. क्रिओया जमिनीतून निघाला की लगेच कोंब काढायला बघतो. अँडीजच्या या भागात थंडीसाठी थांबावं असा ऋतूच नाही. एक पीक निघालं की दुसरं लावायचं, असं करत आलेल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या न झोपणारा बटाटा निवडत नेला. त्याची किंमत अशी की तो साठत नाही आणि दूर जात नाही. व्यापाऱ्याला भावासाठी थांबायची सोयच नाही. आमच्या पठारावर असं पीक कोणी घेतलं असतं, तर आडत्याने त्याला महिनाभरात रडवलं असतं.

दुसरी नखऱ्याची वस्तू म्हणजे ग्वास्कास हा पाला. ही गुडघ्याएवढी वाढणारी वनस्पती. पिवळ्या डोळ्याभोवती पाच इवल्या पांढऱ्या पाकळ्या असलेलं फूल. शास्त्रीय नाव गॅलिन्सोगा पार्विफ्लोरा. पेरूहून 1796 मध्ये ती लंडनच्या क्यू बागेत नेली, तिथून ती निसटली आणि जगभर तण होऊन बसली. भारतातही ती तण म्हणूनच ओळखली जाते. आपल्याकडे खुरपणीला बसलेल्या बाया ज्याला मुळासकट उपटून बांधावर फेकतील, त्याच्या जुड्या बोगोतात पैसे मोजून घेतात. वाळवलेला पाला पुड्यांतूनही मिळतो. वास गवताचा, चव किंचित तुरट आणि मातकट. नुसता चावून बघितला तर एवढं काय कौतुक, असं वाटतं. तो नसलेलं सूप प्यायलं की कौतुक कळतं.

कृती मला खालच्या मजल्यावरच्या बाईंनी शिकवली. सत्तरीच्या पुढच्या, चार पिढ्या बोगोताच्या. माझ्याशी बोलताना एकेरीवर कधी आल्या नाहीत आणि मीही त्यांना अहोजाहोच करते, त्यामुळे आमचा सगळा स्वयंपाक सभेतल्यासारखा चालतो. “तुम्ही कोथिंबीर बांधलीत का?” “बांधली, बघा बरं.”

सहा माणसांसाठी हाडासकट छातीचे तुकडे दीड किलोच्या आसपास आणि तीन लिटर पाणी. त्यात पातीच्या कांद्याचे दोन लांब देठ अख्खे, कोथिंबिरीची दोऱ्याने बांधलेली जुडी, चार पाकळ्या लसूण आणि मीठ. उकळी आली की वरचा फेस काढत राहायचा. कोंबडी शिजली की बाहेर काढून गार करायची आणि हाताने तिचे लांब धागे करायचे. सुरीने कापलेलं बाईंना चालत नाही. त्याच पाण्यात मक्याच्या कणसांचे तुकडे, अर्धा किलो सबानेरा आणि किलोभर पास्तुसा, सोलून चकत्या करून. ते मऊ व्हायला लागले की अर्धा किलो क्रिओया. मग घाई न करता मंद आचेवर ठेवायचं, खाली लागू नये म्हणून अधूनमधून ढवळायचं. रस्सा पळीवर बसेल इतका दाट झाला की कोथिंबीर आणि कांद्याचे देठ काढून टाकायचे. शेवटच्या दहा मिनिटांत मूठभर ग्वास्कास. कुकर घरात असतो, पण या सुपाला बाई तो वापरत नाहीत. तिन्ही बटाटे आपापल्या वेळेने शिजले पाहिजेत आणि कुकर सगळ्यांना एकाच शिटीवर आणतो, असं त्यांचं म्हणणं.

मराठी हाताला या कृतीत सगळ्यात अवघड काय असेल, तर काहीच न करणं. तेल नाही. फोडणी नाही. कांदा परतायचा नाही, हळद नाही, आलं नाही, मिरची नाही. आपल्याकडे चवीचा पाया तेलात पडतो, इथे तो पाण्यात पडतो. आपल्या ओळखीतलं याच्या जवळचं काही असेल तर ते कोल्हापूरकडचं अळणी, कोंबडी शिजवलेलं साधं पाणी, मसाला पडण्याआधी पोरांना वाटीतून देतात ते. पण अळणीच्या पुढे आपल्याकडे तांबडा येतो, पांढरा येतो. अहियाको तिथेच थांबतो आणि बटाट्यांना बोलू देतो.

तिखट-आंबटाची हौस पानात भागवतात. टेबलावर तीन वाट्या असतात : साय, केपर आणि अवाकाडोच्या फोडी. केपर म्हणजे फुलायच्या आधीच खुडून मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या कळ्या, आंबट-खारट. ज्याने त्याने आपल्या वाडग्यात हवं तेवढं घ्यायचं. हिरव्या मिरचीची पातळ चटणीही असते, पण बाजूला. पातेल्यातच साय ओतणाऱ्या सुनेबद्दल बाई जे बोलतात, ते इथे छापण्याजोगं नाही.

या वाडग्यात कोण कुठून आलं, ते बघत बसायला मला आवडतं. बटाटे, मका, अवाकाडो, मिरची आणि ग्वास्कास अमेरिका खंडातले. इथल्या मुइस्का लोकांच्या शेतात मका आणि बटाटा आधीपासून होता. 1537 मध्ये हिमेनेस दे केसादाची स्पॅनिश टोळी या पठारावर चढली, आणि युरोपीय माणसाने बटाटा पाहिल्याच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी एक त्या मोहिमेची आहे. पुढच्याच वर्षी केसादाने हे शहर वसवलं. साय देणारी गाय आणि केपरच्या बरण्या स्पॅनिशांबरोबर आल्या. कोंबडीचे पूर्वज मात्र आशियाच्या रानातले. म्हणजे आपल्या बाजूची कोंबडी इकडे आली आणि इकडचा बटाटा पोर्तुगीज गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर उतरला. सातगाव पठाराचा संसार ज्या पिकावर चालतो, त्याचं माहेर हे.

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाचा पहिला उद्योग आपलं काय काय मिळतं ते शोधण्याचा असतो. लंडन, न्यू जर्सी, दुबईत ते सगळं मिळतं. बोगोतात भारतीय मूठभर, मराठी त्याहून कमी. रस्त्यावरून जाणारी पल्सर दिसली की ही आमच्या मंचरच्या रस्त्यावरच्या चाकणची, एवढाच दिलासा, आणि अशा पल्सर मात्र इथे भरपूर. गूळ मिळतो, त्याचं गरम पाणी इथे पाहुण्याला देतात. बाकी गोडा मसाला बॅगेतून येतो आणि जपून वापरला जातो. ते मीही करते. रविवारी पोहे झाले नाहीत तर आमच्या घरात कोणी कोणाशी नीट बोलत नाही.

पण नुसतं तेवढंच केलं तर परदेशातलं घर हे गावाकडच्या घराची नक्कल होऊन बसतं, आणि नक्कल कायम थोडी कमीच पडते. तूरडाळ 91 अंशांवर रुसते, कोथिंबिरीचा वास वेगळा, कणीक वेगळी. रोजच्या जेवणात रोज उणं काढायचं आणि जगायचं. यावर माझ्यापुरता उतारा सापडला तो अहियाकोत. जिथे राहतो तिथलं असं एक तरी रांधायला शिकावं, जे उचलून आपल्या गावी नेताच येणार नाही. त्या एका पदार्थात तरी आपण उणे नसतो. उणे असतात ते इथून निघून गेलेले.

आणि ते किती उणे असतात, हे त्यांनाच विचारावं. न्यू यॉर्कच्या क्वीन्समध्ये जॅक्सन हाइट्सच्या आसपास कोलंबियाच्या माणसांची मोठी वस्ती आहे. क्रिओया ताजा जात नाही, म्हणून तिथल्या दुकानात तो गोठवलेला किंवा बरणीतल्या पाण्यातला घ्यावा लागतो, ग्वास्कास वाळवलेला. बाईंचा मुलगा तिकडे राहतो. व्हिडिओ कॉलवर तो आपला वाडगा कॅमेऱ्यासमोर धरतो. बाई रंग बघतात आणि म्हणतात, “छान झालंय हो.” फोन ठेवल्यावर माझ्याकडे वळून सांगतात, “पांढरट आहे.” गोड्या मसाल्याशिवायची माझी आमटी बघून आमची आई हुबेहूब हेच करते.

आता गावाकडून फर्माईश आली आहे : सुट्टीत येशील तेव्हा ते तुझं सूप करून घाल. कोंबडी गावरान मिळेल, बटाटा तर घरचाच आहे, असं भावाचं म्हणणं. मी नाही म्हणून कळवलं आहे. कुफरी ज्योती उत्तम बटाटा आहे, पण तो स्वतःला संपवून रस्सा पिवळा करणार नाही, आणि ज्या तणाचं त्यात काम आहे ते भावाने कालच खुरपून टाकलेलं असेल. मी गावी येईन तेव्हा पिठलं-भाकरी खाईन. अहियाको प्यायचा असेल तर तुम्ही इकडे या. येताना स्वेटर आणा. गोडा मसालाही आणा, सुपात घालायला नव्हे, माझा संपत आलाय.