चार विसा नि दहा

पॅरिसला जाऊन आल्याला आता वर्ष होत आलं. आयफेल टॉवर, सीन नदी, बोटीतली संध्याकाळ हे सगळं मोबाइलमध्ये आहे. डोक्यात मात्र एक बेकरीवाली ठाण मांडून बसली आहे.

मी डहाणूचा. तळासरीच्या एका बँकेत काउंटरवर 19 वर्षं काढली. निवृत्तीनंतर मुलीनं आम्हा दोघांची तिकिटं काढली. टूर कंपनीबरोबर गेलं की नाश्त्याला पोहे मिळतात आणि भाषेचंही अडत नाही, पण मुलगी म्हणाली, तुमचं तुम्ही फिरा. हातात 40 दिवस होते. फ्रेंचचा ऑनलाइन क्लास लावला, अॅप घेतलं आणि पारनाक्याला समुद्रावर फेऱ्या मारताना पुटपुटायला लागलो. ओळखीचे लोक वाट सोडून चालू लागले.

मराठी माणसाला फ्रेंच सोपी जाते, असं माझं तेव्हा ठाम मत झालं होतं. नाकातले उच्चार आपल्याला नवे नाहीत. 'त्यू' आणि 'वू' म्हणजे आपले तू आणि तुम्ही. वस्तूंना लिंग असतं याचंही आपल्याला नवल नाही. आपल्याकडे तर तीन लिंगं, त्यांची दोनच. ज्यांना घाईत शिकायचंय त्यांनी क्रियापदांचे तक्ते घोकू नयेत. दहा वाक्यं आणि आकडे पक्के करावेत, बाकी हातवारे आहेतच.

आकड्यांच्या धड्याला क्लास अडला. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस आणि नव्वद म्हणजे चार-वीस-दहा, कात्र-व्हँ-दिस. पुण्याची एक मुलगी वैतागून म्हणाली, ही काय मोजायची पद्धत झाली? मी पटकन म्हणालो, "अहो, चार विसा नि दहा!" माझी आजी असंच मोजायची. आंबे, गोवऱ्या, माणसांची वयं, सगळं विसांत. शिकवणाऱ्या बाईंनी माझं कौतुक केलं. त्या दिवसापासून मी वर्गातला हुशार विद्यार्थी.

आता बेकरी. पॅरिसमधल्या दुसऱ्या दिवशी सकाळी बायको आवरत होती, मी एकटाच खाली उतरलो. लिफ्टमध्ये वाक्य तीनदा म्हणून पाहिलं. रांगेत उभा राहिलो, नंबर आला, म्हणालो, "झ वुद्रे द क्र्वासाँ, सिल वू प्ले." मला दोन क्र्वासाँ हवेत, कृपया. व्याकरण शुद्ध. बाई हलली नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, "बाँझूर." मला वाटलं, तिला ऐकू गेलं नाही. मी तेच वाक्य जरा मोठ्यानं म्हटलं. ती पुन्हा, "बाँझूर, म्स्यू." मागं सात-आठ माणसं. एकानं घसा खाकरला. माझे कान तापले. तिसऱ्यांदा वाक्य सुरू केलं आणि मध्येच उजेड पडला. वाक्य सोडलं आणि नुसतं म्हणालो, "बाँझूर." तशी ती हसली, चिमट्यानं दोन क्र्वासाँ उचलून कागदी पिशवीत घातले.

तिथली रीतच ती आहे. दुकानात पाऊल टाकलं की आधी नमस्कार, मग काम. हे माझ्या अॅपच्या पहिल्याच धड्यात होतं. मी 'बाँझूर' नुसता एक शब्द म्हणून पाठ केला होता. तो नाका आहे, पावती फाडल्याशिवाय गाडी पुढं जात नाही, हे कळलं नव्हतं.

तरीही मी म्हणतो, साठी उलटलेल्या परदेशी गिऱ्हाइकाला असं रांगेत शिकवायचं? आपल्याकडचा वाणी असं करील का?

तर पैसे. ती म्हणाली, "द-झरो कात्र-व्हँ-दिस." दोन युरो नव्वद सेंट. स्क्रीनकडे न बघता मी नाणी मोजून दिली. एवढाच काय तो त्या सकाळचा विजय. पिशवी घेऊन फुटपाथवर आलो, एक घास घेतला आणि कानात आवाज आला, "चार विसा नि दहा, शेठ."

हा आजीचा आवाज नव्हता. आजी मला शेठ कशाला म्हणेल?

तळासरीतली माझी सुरुवातीची वर्षं. बाजाराचा दिवस, दुपारची वेळ, खिडकीपुढं रांग. एक वारली म्हातारी आली. गवत कापणीच्या मजुरीचे पैसे पदराच्या गाठीत होते, ते खात्यात टाकायचे होते. गाठ सोडून तिनं नोटा आणि नाणी माझ्यापुढं सरकवली. मी विचारलं, किती? ती म्हणाली, चार विसा नि दहा, शेठ. मला समजलं होतं. अगदी लख्ख समजलं होतं, हेच तर सांगायचंय. पण रांगेत गावातले दोन-तीन दुकानदार होते आणि मला हुशारी दाखवायची हुक्की आली. म्हणालो, "असं नाही. नीट आकडा सांग." तिनं पुन्हा तेच सांगितलं. मी पैसे तिच्याकडे परत सरकवले. "नव्वद म्हण, नव्वद." ती नोटा पुन्हा मोजू लागली, तिला वाटलं, पैसेच कमी भरले. वीसवीसचे चार ढीग केले आणि वर एक दहाची नोट ठेवली. हिशेब चोख. मी मान हलवली. शेवटी कुणीतरी मागून सांगितल्यावर तिनं ते 'नव्वद' कसंबसं म्हटलं. रांग हसली. मीही हसलो. मग स्लिप भरली, तिचा अंगठा घेतला, शिक्का मारला.

त्यानंतर ती बँकेत यायची, पण माझ्या खिडकीवर कधी आली नाही. माझी रिकामी असली तरी शेजारच्या रांगेत उभी राहायची.

बायकोला हॉटेलवर दोन्ही गोष्टी सांगितल्या. वाटलं, म्हणेल, फिटांफिट झाली. ती म्हणाली, "फिटलं कसं? त्या बाईनं तिच्या गावात तुम्हाला तिची रीत शिकवली. तुम्ही त्या डोकरीला तिच्याच गावात तुमची शिकवलीत." मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. आणि बेकरीवालीवरचा रागही गेलेला नाही.

बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधले फ्रेंच बोलणारे नव्वदला 'नोनाँत' म्हणतात, सरळ एका शब्दात. पॅरिसच्या माणसाला कुणी खिडकीवर अडवून 'नोनाँत म्हण' असं म्हणत नाही. त्याच्या चार विसांना व्याकरण म्हणतात, म्हातारीच्या चार विसांना अडाणीपणा.

आम्हा डहाणूकरांना वारल्यांचा अभिमान भरपूर. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांची चित्रं 1989 साली पॅरिसच्या पाँपिदू सेंटरच्या प्रदर्शनात होती, हे मी क्लासमध्ये मोडक्या फ्रेंचमध्ये ऐटीत सांगितलं होतं. गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत म्हणून कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणावर नेली, हेही आम्ही पाहुण्यांना सांगतो. पण बदलीवर येणारा कारकून, तलाठी, नर्स, मास्तर यांना कुणी 40 दिवस वारली शिकवत नाही. शिकवायला हवी, आणि काउंटरवर बसवण्याआधी. मला शिकवली असती तर मी शिकलो असतो का? खरं सांगायचं तर बहुतेक नाही. तेव्हा मला सुट्टीवर कुठंच जायचं नव्हतं.

परवा वहीत फ्रेंच शब्द मोजले. 40 दिवसांत दोनशेच्या वर झाले होते, म्हणजे दहा विसा आणि वर थोडे. मागच्या कोऱ्या पानावर वारली भाषेतले आठवतील तेवढे शब्द लिहायला बसलो. 19 वर्षांचे मिळून एक विसा भरला नाही.