विषयपत्रिकेतलं गाव

नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेचा पहिला विषय कधी बदलत नाही : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. शेवटचाही ठरलेलाच : मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. या दोन टोकांच्या मधे जे वीस-पंचवीस विषय असतात, त्यांत गाव असतं. नालेसफाईचा ठेका, पाणी शुद्ध करायला लागणारी तुरटी आणि ब्लिचिंग पावडर, दिवाबत्तीचं साहित्य, बाजारातल्या गाळ्यांना भाडेपट्ट्याची मुदतवाढ, स्मशानभूमीच्या शेडवरचे पत्रे, घंटागाडीचे टायर. वर्तमानपत्रात यातलं फारसं काही छापून येत नाही. आलीच तर सभेतली खडाजंगी येते. माझी सगळी नोकरी मात्र याच विषयांत गेली. रायगड जिल्ह्यातल्या नगरपरिषदांमध्ये मी सभा विभाग सांभाळला. खात्यांकडून टिपण्या मागवायच्या, विषयपत्रिका लावायची, सदस्यांना नोटिसा बजावायच्या, सभेत बसून लिहून घ्यायचं आणि नंतर ठरावाची भाषा पक्की करायची. लोक ज्याला 'नेहमीचं कामकाज' म्हणून बाजूला सारतात, गावाचा कारभार खरा तिथेच चालतो, असं माझं मत या कामातून बनत गेलं. पेण आणि रोहा या दोन गावांकडे पाहिलं की ते नीट दाखवता येतं.

दोन्ही नगरपालिका जुन्या. १८५० च्या कायद्याने गावांना आपल्यापुरती नगरपालिका स्थापन करण्याची मुभा मिळाली आणि त्याच कायद्याखाली १८६० च्या दशकात या गावांत कारभार सुरू झाला. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव १८८२ चा, म्हणजे नंतरचा. आज दोन्हीकडे चालतो तो १९६५ चा नगरपरिषद अधिनियम. त्याच्या ४९ व्या कलमात नगरपरिषदेने काय केलंच पाहिजे आणि काय करता येईल, याची यादी आहे. रस्ते झाडणं, दिवे लावणं, पाणी पुरवणं, जन्ममृत्यूची नोंद ठेवणं ही कामं पहिल्या यादीत आहेत. ती आवश्यक कर्तव्यं. नव्या सदस्याने निवडून आल्यावर सर्वांत आधी हे एक कलम वाचावं. भाषणापुरती माहिती सगळ्यांकडे असते, हे कलम वाचलेला सदस्य क्वचित भेटतो.

२०११ च्या जनगणनेत पेण शहराची लोकसंख्या अडतीस हजारांच्या घरात होती, रोह्याची एकवीस हजारांच्या. रोह्याच्या संस्थेचं पूर्ण नाव रोहा अष्टमी नगरपरिषद. कुंडलिकेच्या एका तीरावर रोहा, दुसऱ्यावर अष्टमी. पेणला भोगावती. दोन्ही गावं खाडीच्या वरच्या अंगाला, म्हणून पूर्वी भरतीच्या पाण्यावर गलबतं पेणजवळच्या अंतोरा बंदरात आणि रोह्यापर्यंत येत. बंदरांचा व्यापार गेला, भरती मात्र तशीच येते. गटाराच्या विषयात ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले, की नाल्याच्या तोंडाशी नदीचं पाणी वर चढलेलं असतं आणि गावातलं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही. गटार कितीही रुंद बांधा, त्या दोन-तीन तासांत ते तुंबणारच. मग पाणी कुठल्या आळीत शिरतं, कुठून माघारी फिरतं, कोणत्या घराच्या पायरीशी थांबतं, हे दरसूचीवरून अंदाजपत्रक करणाऱ्या अभियंत्याला ठाऊक नसतं. ते त्या आळीत राहणाऱ्याला ठाऊक असतं. सभेत विषय पुकारला जातो तो याचसाठी. टिपणीतली लांबी-रुंदी आणि आळीतल्या माणसाची माहिती यांची गाठ पडावी, एवढाच सभेचा हेतू असतो, आणि तो लहान नाही.

एक प्रसंग सांगते. विषय होता पाणी सोडण्याच्या वेळा बदलण्याचा. टाकी उशिरा भरते म्हणून गावाच्या एका भागाला पहाटेऐवजी साडेसातला पाणी द्यावं, अशी पाणीपुरवठा विभागाची टिपणी होती. तांत्रिकदृष्ट्या तीत काही चूक नव्हती. सूचक-अनुमोदकांची नावं मी लिहून घेणार, एवढ्यात एक सदस्य उठल्या. पहिल्यांदाच निवडून आलेल्या, तोवर सभेत फारशा बोलल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, "साहेब, या भागातली निम्मी माणसं कंपनीत पहिल्या पाळीला जातात. साडेसातला पाणी भरायला घरात राहतं कोण?" मुख्याधिकाऱ्यांनी व्हॉल्व्हमनला सभागृहात बोलावून घेतलं. त्याने सांगितलं की दुसरी एक आळी दुकानदारांची आहे, तिथे सकाळी नळ उशिरा आला तरी कोणाची अडचण होणार नाही. दोन झडपांचा क्रम उलटा केला आणि प्रश्न सुटला. खर्च एका रुपयाचाही नाही. रोह्यासारख्या गावात, जिथे धाटावच्या औद्योगिक वसाहतीच्या पाळ्यांवर घराघरांचं घड्याळ चालतं, असा प्रश्न कार्यालयात बसून सुचत नाही. महिलांना निम्म्या जागा मिळाल्यापासून पाण्याच्या विषयावरची चर्चा अधिक नेमकी झाली, हे मी इतिवृत्तं लिहिता लिहिता पाहिलं आहे.

पेणला हेच रस्त्याच्या खड्ड्यांबाबत. इतर गावांत खड्डा म्हणजे गैरसोय, पेणमध्ये तो धंद्याचं नुकसान. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे या भागांत गणेशमूर्तींचे कारखाने वर्षभर चालतात. परदेशी जाणाऱ्या मूर्ती गणपतीच्या कित्येक महिने आधी निघतात, मुंबई-पुण्याच्या नंतर. आळीच्या तोंडाशी टेम्पो आदळला की शाडूच्या मूर्तीचं बोट जातं, कधी सोंडेला चीर पडते. रंगकाम आणि आखणी झालेली मूर्ती दुरुस्तीला परत आणायची म्हणजे कारागिराचा दिवस गेला. म्हणून कुंभारआळी किंवा कासारआळीतल्या रस्त्याची डागडुजी हा विषय पेणच्या पत्रिकेत उन्हाळ्यातच यायला हवा. 'गणेशोत्सवपूर्व खड्डे भरणे' असा ऑगस्टमधला ठराव मंडपाच्या आरासीपुरता उपयोगी, मूर्तिकाराला नाही. ज्या गावाचा जो उद्योग, त्याप्रमाणे त्याच्या विषयपत्रिकेचं वेळापत्रक असावं. रोह्यात दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी गावभर फिरते, पोलीस मानवंदना देतात. पालखीच्या वाटेवरचे दिवे, रस्ते आणि झाडांच्या फांद्या यांची कामं तिथे त्या बेताने उरकावी लागतात.

आता ठरावाबद्दल. ठराव मंजूर झाला की काम झालं, असं लोकांना वाटतं. ठराव कसा लिहिला आहे, यावर सगळं अवलंबून असतं. 'सदर कामास मंजुरी देण्यात येत आहे' एवढंच लिहिलं, तर कोणतं काम, कुठून कुठपर्यंत, कोणत्या लेखाशीर्षातून, केव्हापर्यंत, यांपैकी काहीच पक्कं होत नाही. मी काम केलेल्या एका ठिकाणी जुन्या ठरावात फक्त 'गटार दुरुस्त करणे' असा उल्लेख होता. काही वर्षांनी स्थानिक निधी लेखापरीक्षेत आक्षेप निघाला : कोणतं गटार? त्या प्रभागात तीन गटारं होती आणि बिल दिल्याची नोंद होती. ठेकेदार निघून गेलेला, अभियंत्याची बदली झालेली, सदस्य बदललेले. तो आक्षेप मिटवायला किती पत्रं लिहिली गेली, याची मोठी फाईल झाली होती. एका ओळीत दोन खुणा लिहिल्या असत्या, देवळापासून मोरीपर्यंत, तर हे टळलं असतं. म्हणून ठरावाचा मसुदा करताना जागेची खूण घातल्याशिवाय मी तो पुढे जाऊ देत नसे. काही सदस्यांना हा किचकटपणा वाटे. वाटो.

ऐनवेळच्या विषयांबद्दलही माझं मत ठाम आहे. सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण सात दिवस आधी आणि विशेष सभेची तीन दिवस आधी द्यावी, असं कायदा सांगतो. सदस्याने टिपणी वाचावी, जागेवर जाऊन यावं, लोकांना विचारावं म्हणून ते सात दिवस आहेत. खर्चाचा विषय ऐनवेळी आणला की ते सातही दिवस वाया गेले. शोकप्रस्ताव, अभिनंदनाचा ठराव, अचानक आलेलं शासनाचं पत्र यांच्यासाठी ती तरतूद ठीक आहे. पुरात रात्रीतून पंप भाड्याने आणावे लागले, तर त्यालाही नंतर कार्योत्तर मंजुरी द्यावी, ती रास्तच. पण उन्हाळ्यात ठाऊक असलेल्या खर्चाला पावसाळ्यानंतर कार्योत्तर मंजुरी मागणं हा आळस आहे, आणि सभेने तो खपवून घेऊ नये.

पैशांचा विषय आला की सभेत दोन तऱ्हा दिसतात. शासनाच्या योजनेतून येणाऱ्या निधीवर सगळे बोलतात, स्वतःच्या घरपट्टीवर कोणी बोलत नाही. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात रद्द झाली आणि तिच्या जागी शासनाचं अनुदान आलं. नाक्यावरची पावती बंद झाली याचं मला दुःख नाही. व्यापाऱ्याला आणि प्रवाशाला तिचा जाच होता. पण त्यामुळे गावाच्या तिजोरीचं लक्ष बाजारपेठेवरून मंत्रालयाकडे वळलं. उरला हाताशी मालमत्ता कर. त्याची फेरआकारणी दर चार वर्षांनी करायची असते, आणि कोणतंही वर्ष कोणत्या ना कोणत्या निवडणुकीचं असल्याने ती पुढे ढकलण्याचं कारण नेहमीच मिळतं. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढते. वेळेवर भरणारा माणूस मुकाट्याने भरतो. थकवणारा माफीच्या योजनेची वाट पाहत बसतो आणि पुष्कळदा त्याला ती मिळतेही. हा वेळेवर भरणाऱ्यावर अन्याय आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतर देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख रोह्याचे. त्यांचं नाव रोह्यात अभिमानाने घेतलं जातं, ते योग्यच आहे. त्या गावाने, आणि पेणनेही, अंदाजपत्रकाच्या सभेत वसुलीच्या तक्त्यावर तासभर खर्च करावा, असं मला मनापासून वाटतं. मागणी किती, वसुली किती, मागची थकबाकी किती, एवढे तीन रकाने पाहिले तरी पुढच्या वर्षी घंटागाडीला टायर मिळणार की नाही, ते कळतं.

मधली काही वर्षं सभाच नव्हती. २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या मंडळांची मुदत पाच वर्षांनी संपली आणि इतर मागासवर्गीय आरक्षण व प्रभागरचना यांच्या वादात राज्यभरच्या निवडणुका अडकल्या. मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे, असं राज्यघटना सांगते, तरी नगरपरिषदांवर प्रशासक आले. बहुतेक ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक. म्हणजे टिपणी ज्यांच्या सहीने ठेवली जाई, त्यांच्याच सहीने ती मंजूर होई. कामं थांबली नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पगार झाले, कचरा उचलला गेला, काही निविदा तर एरवीपेक्षा लवकर निघाल्या. इतिवृत्ताच्या पुस्तकातही ठराव क्रमाने चढत गेले. पण त्यांत प्रश्न नव्हते. 'साडेसातला पाणी भरायला घरात राहतं कोण', असं विचारणारं सभागृहात कोणी नव्हतं, आणि त्या प्रश्नाविना झडपा जशा टिपणीत लिहिल्या तशा फिरत राहिल्या. अधिकारी प्रामाणिक असला तरी त्याला गावातल्या सगळ्या आळ्या ठाऊक असू शकत नाहीत. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या आणि सभागृहं पुन्हा भरली. आता बसलेल्यांत बरेच नवे आहेत आणि त्यांच्यापैकी कित्येकांनी याआधी सर्वसाधारण सभा पाहिलेलीही नाही.

नागरिकांनीही ती पाहिलेली नसते. सभा सर्वांसाठी खुली असते, मागे शांत बसून ऐकता येतं, हे फार थोड्यांना माहीत आहे. इतिवृत्त पाहायला मागता येतं, ठरावाची प्रत मिळते. पेणच्या किंवा रोह्याच्या कोणा वाचकाला एकच गोष्ट तपासायची असेल, तर मी नालेसफाईचा ठराव मागवायला सांगेन आणि त्यावरची तारीख पाहायला सांगेन. सोबत भरती-ओहोटीचा तक्ता जोडला आहे का, नाल्याची तोंडं नावानिशी लिहिली आहेत का, काढलेला गाळ टाकण्याची जागा ठरवली आहे का, हेही पाहावं. विषय फेब्रुवारी-मार्चच्या सभेत लागला, तर एप्रिलमध्ये कार्यादेश निघतो आणि मे महिन्यात गाळ सुकून उचलला जातो. तोच विषय एप्रिलच्या अखेरीस लागला, तर निविदेचे दिवस धरून काम जूनवर जातं, काढलेला गाळ नाल्याच्या काठावरच राहतो आणि पहिल्या जोराच्या सरीत पुन्हा आत उतरतो. बिल दोन्ही वेळा सारखंच निघतं.