किक ऑफ आणि किक

हापिसात दर दोन महिन्यांनी कशाचा ना कशाचा 'किक ऑफ' होतच असतो. म्हणजे काय, तर एक मोठा हॉल, चाळीस स्लाइड्स, समोसे आणि टाळ्या. दुसऱ्या दिवशी काम आहे तिथंच. मराठीत याला नारळ फोडणं म्हणतात आणि खरं तर तेच जास्त चपखल आहे. नारळ फुटला म्हणजे काम सुरू झालंच पाहिजे, असं कुठं लिहिलंय?

किक ऑफचं मात्र लिहिलंय. आमचं बालपण छावणीत गेलं. भाग लष्कराचा, त्यामुळे क्रिकेटच्या जोडीला फुटबॉलही असायचा. मैदानाच्या मध्यावरून चेंडूला जी पहिली लाथ बसते ती किक ऑफ. नुसती शिट्टी वाजून खेळ सुरू होत नाही, चेंडू जागचा नीट हलला की होतो. २०१६ पर्यंत तो पुढेच ढकलावा लागायचा, आता कुठल्याही दिशेला चालतो.

याची 'किकस्टार्ट'शी गल्लत करू नका राव. वाळूजला बजाजचा कारखाना असलेल्या आमच्या गावात किक म्हणजे स्कूटरची! गाडी आडवी करा, चोक ओढा, हाणा दहा किका. म्हणजे थंड पडलेल्याला धक्का देणं ते किकस्टार्ट, आणि सगळं तयार असताना झालेली पहिली हालचाल म्हणजे किक ऑफ. इंग्रजीत मॅनेजर मीटिंग किक ऑफ करतो आणि मीटिंग स्वतःही किक ऑफ होते, क्रियापद तेच. आपल्याला 'करणे' नि 'होणे' यातलं एक निवडावं लागतं, म्हणजे कोणी केलं हे लपत नाही. :-)

मागे क्लायंटनं आमचं आठ महिन्यांचं काम एका मेलमध्ये गुंडाळलं. टीममधली पोरं पार खचली. नवं काम आलं तेव्हा वरून निरोप आला, 'यावेळी किक ऑफ वगैरे नको, बरं दिसत नाही.'

मला तेव्हा फुटबॉलचा दुसरा नियम आठवला. किक ऑफ सामन्यात एकदाच नसतो. गोल झाला की चेंडू पुन्हा मध्यावर येतो आणि लाथ मारायचा हक्क मिळतो तो गोल खाल्लेल्या संघाला.

आम्ही पोरांनी समोसे आमच्याच पैशानं आणले. स्लाइड एकही नव्हती. संध्याकाळपर्यंत पहिलं मॉड्यूल बिल्ड झालं होतं.