गाडीची उंची आणि गावाकडची वाट

बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीकडे जाणारा रस्ता ज्यांनी ऐन पावसाळ्यात पाहिला असेल, त्यांना सह्याद्रीच्या माथ्याचे वर्णन निराळे सांगावयास नको. जांबोटी मागे पडली की झाडी दाटते, धुके काचेला येऊन टेकते आणि कणकुंबीस माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते. सुमारे ७९२ मीटर उंचीवर जन्मलेली ही नदी पुढे कूडलसंगमास कृष्णेला मिळते. आमच्या घराण्याचा संबंध मात्र तिच्याकडे धावणाऱ्या एका बिननावाच्या ओढ्याशी. डांबरी रस्ता सोडून तांबड्या मातीच्या वाटेने आत गेले की हा ओढा आडवा येतो, आणि त्याच्या पलीकडे आमचे वडिलोपार्जित कौलारू घर. एरवी ते कुलूपबंद असते. पण गणपती बसतो तो तेथेच.

२०२४ साली ७ सप्टेंबरला चतुर्थी होती. आदल्या दिवशी आमची वीस वर्षांची, दुहेरी केबिनची जुनी पिकअप सामानसुमानासह ओढ्यात उतरली. ब्याऐंशी वर्षांच्या आत्याबाई मांडीवर मूर्ती घेऊन बसल्या होत्या. मध्यावर काहीतरी धाडकन आदळले आणि गाडी अडली. मागच्या आसाचा गोल फुगवटा, ज्याला गॅरेजात डिफरन्शियल म्हणतात, तो एका मोठ्या दगडावर चढून बसला होता. मूर्ती हातोहात पलीकडे नेली, आत्याबाईंना खुर्चीत बसवून भाच्यांनी उचलले. "बाप्पा पायी गेला आणि मी पालखीतून," असे म्हणून त्या हसल्या खऱ्या. पण त्या रात्री आम्हांपैकी कोणालाच नीट झोप आली नाही. पुढल्या वर्षी त्यांना येथे आणता येईल की नाही, हा प्रश्न कोणी बोलून दाखवला नाही इतकेच.

बेळगावास परतल्यावर घरातील तरुण मंडळींनी ठराव मांडला : गाडी दोन इंच उंच करावयाची. जास्त कमानीचे नवे पाटे घातले की काम झाले. खर्च ३८,००० रुपये. आम्ही वही उघडली, आणि लग्नघरातील मानपानाप्रमाणे एक कलम दुसऱ्याला बोलावू लागले. पाटे उंच झाले की जुने शॉक ॲब्सॉर्बर तोकडे पडतात. लांबीचे चार १८,०००. यू बोल्ट, शॅकल व बुश ७,५००. ब्रेकचे नळ ताणले जाऊ नयेत म्हणून लांब नळ २,५००. उंचीला शोभतील असे मोठे टायर, जादा चाकासह पाच, ५५,०००. मजुरी व चाकांची जुळणी ९,०००. बेरीज १,३०,००० झाली. शिवाय जुन्या गाडीचे नट सोडवताना काय तुटेल याचा भरवसा नाही. त्यासाठी चौथाई रक्कम निराळी ठेवावी लागते.

आमच्या मिस्त्रींनी ही वही शांतपणे वाचली. "काका, गाडी उचलायची म्हणता, पण ती बसलीय किती, ते आधी बघूया की," एवढेच ते म्हणाले. सपाट फरशीवर गाडी उभी करून त्यांनी प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावला, आणि त्याच बनावटीच्या दुसऱ्या गाडीशी मापे ताडून पाहिली. चालकाच्या बाजूस मागे दोन इंच, इतरत्र सुमारे दीड इंच गाडी खचली होती. ओढ्याचा काठ चढताना मागचा भाग घासत असे, त्याचे कारण हे.

मग त्यांनी आमचा मुख्य भ्रम दूर केला. पाटे उंच केल्याने चॅसिस वर जाते. डिफरन्शियल आसाबरोबर जागच्या जागीच राहते. ते वर येते केवळ टायरमुळे, आणि तेही निम्मेच : टायरचा व्यास दोन इंच वाढला तर लाभ एका इंचाचा. त्यातही मोठ्या टायरने वेगदर्शक काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो, आणि उंच गाडी वळणावर व उतारावर अधिक झुकते. स्वस्ताई म्हणून पुढच्या आसावर लोखंडी ठोकळे बसवणे तर जिवाशी खेळ. ब्रेक दाबताना ते सरकू शकतात.

कायद्याची बाजूही होतीच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापासून वेगळा ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हेच स्पष्ट केले आहे. पण आमच्या घरातील निकाल आत्याबाईंनी दिला : "मला चढायला शिडीही घेणार काय रे?" ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, त्यांचाच पाय त्या पायरीला पोहोचणार नव्हता.

अखेर गाडी उचलली नाही. ती होती तशी सरळ उभी केली. पाटे ठोकून मूळ कमानीस आणले व तुटलेले पान बदलले, ९,०००. मूळ मापाचे चार शॉक ॲब्सॉर्बर ९,५००. बुश, पिना व यू बोल्ट ५,५००. मूळ मापाचे, खोल नक्षीचे चार टायर ३४,०००. मजुरी ६,०००. एकूण ६४,००० रुपये. वाचलेल्या ६६,००० पैकी बरीचशी रक्कम घराच्या कौलांना लागली.

राहिला तो दगड. उन्हाळ्यात ओढा आटल्यावर शेजाऱ्यांसह आम्ही चौघे पहार घेऊन गेलो आणि तासाभरात तो बाजूस लोटला. त्याची किंमत आमच्या वहीत कोठेच नव्हती.

२७ ऑगस्ट २०२५ च्या चतुर्थीस आदल्या दिवशी पुन्हा निघालो. ओढ्यास पाणी गुडघ्याच्या वर होते. काठी टेकत एकाने आधी चालून पाहिले आणि आम्ही दीड तास थांबलो. पाणी उतरल्यावर गाडी पलीकडे गेली. आत्याबाई मांडीवरच्या मूर्तीला धरून समोर पाहत होत्या. घर दिसताच त्या म्हणाल्या, "कौले बरी दिसतात हो." गाडीविषयी त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि आम्हांस त्यातच समाधान वाटले.